झाकलेली ओळ

आमच्या वधू-वर सूचक मंडळात आलेली माणसं एकमेकांकडे सरळ बघत नसत. मुलीकडचे मुलाकडच्यांच्या चपला बघत, मुलाकडचे मुलीच्या बापाची पिशवी बघत, आणि दोघंही मधूनमधून गुरुजींचा चेहरा वाचत, हा माणूस आपल्यापासून काही लपवतोय का म्हणून. गुरुजी म्हणजे मंडळ चालवणारे निवृत्त मुख्याध्यापक. परभणीत त्यांच्या घराच्या पुढच्या खोलीत मंडळ भरायचं. रविवारी चपलांचा ढीग पायरीखाली उतरायचा.

स्टेशनजवळ माझी टायपिंगची संस्था होती. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाची ती शेवटशेवटची वर्षं. बाजार कधी बंद होईल, सेलूची एसटी कधी अर्ध्यातून परत फिरेल, याचा नेम नसे. माणूस कुठल्या बाजूचा, हे त्याच्या आडनावावरून, गल्लीवरून, कधी त्याच्या नुसत्या गप्प बसण्यावरून ठरवलं जाई. अशा दिवसांत मी कॉम्प्युटर घेतला. औरंगाबादला जाऊन प्रोग्राम लिहायला शिकलो आणि गुरुजींकडची सगळी स्थळं त्यात भरली. मशीन मंडळाच्या खोलीत बसवलं. तेव्हा कुणाच्या लग्नाची यादी काचेवर दिसते हेच अप्रूप होतं.

काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. प्रत्येक स्थळाची उंची, शिक्षण, नोकरी, शेती वाचता येई. त्याखाली एक ओळ झाकलेली असे. तिथे नुसत्या फुल्या. ती खासगी ओळ. पहिली सोयरीक मोडलेली आहे, आई सावत्र आहे, मुलाच्या एका कानाला कमी ऐकू येतं, असं जे ते. गुरुजींचं म्हणणं होतं, "लपवायचं नाही, आणि दवंडीही पिटायची नाही." दोन्हीकडची पसंती झाली की ते दोन्ही घरांतल्या एकेका वडीलधाऱ्याला बोलावत, बाकीच्यांना बाहेर बसवत, आणि मग परवलीचा शब्द टाकून ती ओळ उघडायची. शब्द तिघांनाच माहीत होता: गुरुजी, मी आणि ताई.

ताई मशीनवर बसत. माझ्याच संस्थेत शिकलेल्या. मराठी टायपिंगमध्ये त्यांच्याइतका हात चालणारं माझ्याकडे दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मीच त्यांना मंडळात आणलं. त्या बौद्ध. गुरुजींना मी आधी सांगून ठेवलं होतं. ते म्हणाले होते, "तिला टाइप येतं का, तेवढं सांग." पण येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढे आम्ही दोघंही त्यांना नुसतं 'ताई' म्हणायचो, आडनाव कधी घेत नव्हतो. ते का, असं मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

मी लिहिलेल्या प्रोग्राममध्ये एक खोट होती. खासगी ओळ उघडून वाचली आणि कळ दाबली की यादी उडी मारून थेट पहिल्या स्थळावर जायची. म्हणजे कुणी निम्म्या यादीपर्यंत आलेला असला, तर परत पहिल्यापासून खाली यायचं. लोक बेजार व्हायचे. पोथीत बोट ठेवतात तसं काही जण काचेवर बोट ठेवून बसत. पडदा वर उडाला की बोटाखाली भलताच मुलगा. पिंगळीच्या एक मावशी एकदा म्हणाल्या, "अगं बाई, माझा इंजिनेर कुठं गेला? हा तर किराणावाला आला." सगळी खोली हसली. मला मात्र तो माझा अपमान वाटला.

मी दोन रविवारांच्या मधे प्रोग्राम दुरुस्त केला. आता यादी कुठे होती ते मशीन लक्षात ठेवी. शब्द टाकला की ओळ उघडे, कळ दाबली की तिच्यावर परत फुल्या येत, आणि पडदा होता तिथेच राही. मी चार वेळा करून बघितलं. गुरुजींना दाखवलं. ते म्हणाले, "आता कसं, पान न सोडता वाचल्यासारखं झालं." मी खूश होतो.

मानवतचे एक शिक्षक होते. त्यांच्या मुलीचं स्थळ आमच्याकडे नोंदवलेलं. मुलगी शिकलेली, शाळेत नोकरी. तिला सेलूचं एक घर बघून गेलं होतं आणि त्यांना ती आवडली होती. पण या मुलीचा थोरला भाऊ नामांतराच्या बाजूने सत्याग्रह करून तुरुंगात जाऊन आला होता. सवर्ण घरातला मुलगा, आणि नामांतराच्या बाजूने. गावात त्यांच्या घरावर दगड पडले होते, आणि सोयऱ्याधायऱ्यांनी वर्षभर येणं सोडलं होतं. शिक्षकांनी हे सगळं गुरुजींना स्वतः सांगितलं. गुरुजी म्हणाले, "ओळीत घालू. पसंती पक्की झाली की मी समजावून सांगतो. मी सांगितलं तर ते ऐकतील."

एका सकाळी शिक्षक पहिल्या एसटीने आले. तुरुंगात जाऊन आलेला त्यांचा मुलगा आता बँकेत लागला होता, ते त्या ओळीत जोडायचं होतं. ताईंनी शब्द टाकला, ओळ उघडली, टाइप केलं. मग हात थांबवून हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या मुलाला माझा जयभीम सांगा. त्यांनी लय मोठं काम केलं."

हळूच म्हणाल्या होत्या, पण खोली लहान होती. भिंतीशी बसलेल्या दोन सभासदांच्या माना वळल्या. शिक्षकांनी हात जोडले आणि घाईघाईने आजूबाजूला बघितलं. त्या एका वाक्याने ताईंचं आडनाव सगळ्यांना कळल्यासारखं झालं.

दुपारी सेलूहून बघून गेलेल्या नवऱ्या मुलाचे काका आले. आडत दुकानवाले. कापसाच्या भावाची बोलणी रुमालाखाली बोटं धरून करणाऱ्या पिढीतला माणूस. तोंडाने काही बोलायचं नाही, डोळ्यांनी सगळं घ्यायचं. मानवतची मुलगी आवडली होती, तरी 'अजून चार बघून ठेवू' म्हणून ते ताईंच्या शेजारी बसून यादी खाली-वर करवून घेत होते. सुपारी चघळत बराच वेळ बसले. उठताना एवढंच म्हणाले, "बरं हाय. बघू."

आठवड्याने त्यांचा निरोप आला. मध्यस्थाने तो गुरुजींना जसाच्या तसा सांगितला: "जेलात जाऊन आलेल्याच्या घरची पोरगी आमाला करायची न्हाई. बँकेत लागला तरी काय झालं? सगळं गाव एकीकडं असताना ते कुनाच्या बाजूनं होते, आमाला मालूम झालंय."

शिक्षक मानवतहून आले ते बसलेच नाहीत. "गुरुजी, ही गोष्ट माझ्या घरात आणि तुमच्या या खोलीत. मानवतबाहेर तिसरीकडं कुठं न्हाई. मानवतमध्ये सगळ्यांना ठाऊक हाय, पण सेलूला जाऊन सांगण्याइतकं कुनाचं काय अडलंय? आन् निरोपात 'बँकेत लागला तरी काय झालं' असं हाय. बँकेचं मी ह्याच खुर्चीत बसून सांगितलं होतं. सेलूवाले आले त्याच दिवशी."

ते गेल्यावर गुरुजी माझ्याकडे बघत राहिले. ताई पाणी प्यायला आत गेल्या होत्या. आणि मी म्हणालो, "ताई त्या दिवशी त्यांच्या मुलाला नमस्कार सांगत होत्या. सगळ्यांदेखत."

एवढंच म्हणालो. त्यात खोटं काही नव्हतं. पण मला काय सुचवायचं होतं ते गुरुजींना बरोबर कळलं: ताईंना त्या मुलाचा अभिमान वाटला, तो त्यांनी कुठेतरी बोलून दाखवला, आणि ते सेलूपर्यंत गेलं. संशयाला एवढं पुरलं. खरं तर संशय आधीच तयार होता, त्याला बसायला जागा हवी होती.

त्यानंतर मी ताईंवर नजर ठेवू लागलो. त्या कुणाशी बोलतात, डबा कुणाबरोबर खातात, स्टँडकडे जाताना कुठे थांबतात. एकदा त्या पोस्टात गेल्या तर मी पलीकडच्या फुटपाथवर उभा राहिलो. त्यांनी मनीऑर्डर केली आणि घरी गेल्या. मला वाटलं, आज सावध आहेत.

शेवटी मीच गुरुजींना म्हटलं, एक खोटं स्थळ घालून बघू. वसमतकडची एक मुलगी आम्ही तयार केली. बी.ए., गोरी, घरची बागायत. खासगी ओळीत घातलं, 'मोठी बहीण नांदत नाही, माहेरी आहे.' सकाळी मी स्वतः शब्द टाकून ती ओळ तपासली आणि कळ दाबून बंद केली. ताईंना गुरुजींनी सांगितलं, "नवीन स्थळ आहे, खासगी बाजू नाजूक आहे, लक्ष ठेवा." त्या दिवशी सेलूचे काका येणार होते. पुतण्यासाठी त्यांचं शोधणं चालूच होतं. ते आले, बसले, सुपारी खाल्ली, गेले.

पुढच्या बाजाराच्या दिवशी ते गुरुजींना म्हणाले, "ती वसमतची पोरगी चांगली हाय. पन बहीन नांदत न्हाई म्हनं."

गुरुजींनी विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं?"

काका हसले. "आमाला कुनी सांगावं लागत न्हाई, गुरुजी. कापसाची गठाण फोडायच्या आधी आत पानी मारलंय का, ते आमाला कळतंय."

मी तिथेच होतो. मला वाटलं, झालं, सापडली. त्या माणसाने नाव सांगितलं नाही, तेही मला ताईंना वाचवण्यासाठीच वाटलं. कुणावर एकदा शक घेतला की समोरचा बोलला तरी पुरावा, गप्प बसला तरी पुरावा.

ताईंना काढलं तो रविवार होता. खोलीत ते दोन सभासद होते, गुरुजींचा मुलगा होता, पिंगळीचे लोक होते, मी होतो. गुरुजींचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही. "ताई, उद्यापासून येऊ नका."

"का? काय चुकलं माझं?"

"खासगी ओळी बाहेर जायला लागल्यात."

"मी न्हाई सांगितलं कुनाला. गुरुजी, मी कशाला सांगू?" मग त्या माझ्याकडे वळल्या. "सर, तुमी तरी सांगा. तुमाला माहीत हाय मी कशी हाय ते."

मी म्हणालो, "मशीन काय स्वतःहून बोलायला जातं का? शब्द तिघांनाच माहीत आहे."

एक सभासद दुसऱ्याला म्हणाला, पुरेसं मोठ्याने, "त्यांच्या बाजूने जेलात गेला म्हणून त्या पोराचं कौतुक चाललं होतं की." ताईंनी ते ऐकलं. मशीनवर कापडी खोळ घातली, चारी कोपरे नीट ओढले, डबा पिशवीत टाकला आणि पायरीखालच्या ढिगातून आपल्या चपला शोधत बसल्या. कुणी वाकून मदत केली नाही. माझ्या संस्थेत त्या सकाळचा एक वर्ग शिकवायच्या, दुसऱ्या दिवशी तोही त्यांनी सोडला. गावात बोभाटा झाला. नंतर दोन ठिकाणी त्या टायपिस्टच्या जागेसाठी गेल्या, तर तिथल्या माणसांनी मला विचारलं. मी म्हटलं, "काम चांगलं आहे. बाकीचं मी काय सांगू?"

मग मशीनवर मी बसायला लागलो. ताई बसायच्या तेव्हा त्यांची नजर कधी पडद्यावर नसायची. ते मीच शिकवलेलं. टायपिंग शिकवताना मी मुलामुलींच्या हातांवर रुमाल टाकायचो आणि म्हणायचो, नजर कागदावर, यंत्राकडे बघायचं नाही. ताई बोटांनी अंदाजाने यादी खाली-वर करत आणि बघायला आलेल्यांना कुठली स्थळं आवडली ते मान खाली घालून कागदावर उतरवत. पडदा बघायचे ते शेजारी बसलेले लोक. मला मात्र आपण केलेलं काम बघत बसायची हौस होती. म्हणून ते मला दिसलं.

पिंगळीचं एक म्हातारं जोडपं शेजारी होतं. सकाळी मी दुसऱ्या एका मुलाची खासगी ओळ त्याच्या बापासमोर उघडून बंद केली होती. आता यादी खाली नेली, म्हातारी म्हणाली, "मागचा परत दाखवा," म्हणून वर आणली. आणि सकाळची ती ओळ पडद्यावर उघडी. फुल्या नाहीत. सगळी अक्षरं ठळक.

मी काचेवर तळहात ठेवला.

म्हातारा म्हणाला, "राहू द्या हो, वाचलं मी. ताई होत्या तवा बी दिसायचंच की. आमाला वाटलं, तशीच पद्धत हाय."

घरी जाऊन प्रोग्राम उघडला तेव्हा चूक लगेच सापडली. आधी यादी वर उडायची तेव्हा वर जाताना ती सगळ्या ओळी झाकत जायची. उडी बंद केली, तसं ते झाकणंही बंद झालं. कळ दाबली की फुल्या यायच्या, पण त्या नुसत्या वरवरच्या. मशीनच्या लेखी ती ओळ उघडीच राहायची, आणि पडदा पुढे जाऊन परत तिथे आला की दिसायची. मशीन बंद करीपर्यंत. शिक्षक सकाळी आले होते आणि काका दुपारी. खोट्या मुलीची ओळ सकाळी मीच उघडली होती. ताई त्यात कुठेच नव्हत्या.

मी दोन ओळी वाढवून चूक दुरुस्त केली. कुणाला सांगितलं नाही.

महिन्याभराने गुरुजी म्हणाले, "वाईट वाटतं. पण बघा, ती गेल्यापासून एकही गोष्ट बाहेर गेली नाही."

मी म्हणालो, "हो."

सगळ्यात वाईट हेच. माझी दुरुस्तीच त्यांच्याविरुद्धचा पुरावा झाली, आणि मी ती होऊ दिली. का, याची कारणं मी वर्षानुवर्षं बदलत आलो. नांदेडच्या एका मंडळाला माझा प्रोग्राम हवा होता, हे एक. गावात तेव्हा वातावरण असं होतं की, आपणच चुकलो आणि त्यांना उगाच काढलं, असं म्हटलं असतं तर लोकांनी लगेच विचारलं असतं, तुम्ही कुणाच्या बाजूचे? हे दुसरं. आणि सेलूकरांनी ते लग्न गुरुजींनी समजावूनही मोडलंच असतं, हे तिसरं. तिन्ही खरी आहेत. त्यांतल्या एकानेही ताईंना काम परत मिळालं नाही. मानवतच्या मुलीचं पुढे लांब कुठेतरी झालं एवढं ऐकलं. त्या शिक्षकांना मी कधी तोंड दाखवलं नाही.

गुरुजी गेले तेव्हाही त्यांना हेच वाटत होतं की ताईंनी विश्वासघात केला. मी रोज त्यांच्या उशाशी जाऊन बसायचो. सांगायचं ठरवून जायचो आणि औषधाची विचारपूस करून परत यायचो.

या वर्षी मी ताईंचा पत्ता मिळवला. त्या नांदेडला असतात, एका कचेरीतून निवृत्त झाल्यात. गाडीने गेलो. त्यांनी मला ओळखलं, खुर्ची दिली, सुनेला चहा टाकायला सांगितलं. मी सगळं सांगितलं, फुल्या, उडी, उघडी राहिलेली ओळ. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. पलीकडे टीव्ही चालू होता, तो त्यांनी बंदही केला नाही.

मग म्हणाल्या, "म्हणजे गुरुजींनी न्हाई सांगितलं?"

"गुरुजींनी? नाही."

"मला इतकी वर्षं वाटायचं, त्यांनीच सांगितलं आन् मला पुढं केलं. त्या मास्तरांच्या पोराचं त्यांना आतून पटत नसंल, असं. ते गेल्याचं कळलं होतं मला. मुद्दाम आले न्हाई." सुनेने चहा आणून ठेवला. "माझं पहिलं काम त्यांनी दिलं होतं सर. माझ्या बापाशी ते खाली सतरंजीवर बसून बोलले होते. आन् मी त्यांच्या मातीला आले न्हाई."

हे मला ठाऊक नव्हतं. एका गप्प बसण्याने मी दोन माणसांना एकमेकांच्या नजरेतून उतरवलं होतं, आणि मी समजत होतो एकालाच.

मी म्हणालो, "ताई, मला माफ करा."

"ते ऱ्हाऊ द्या. तुमी आलात, सांगितलंत, बरं केलं. पन माझं नाव तुमी मला एकटीला कोपऱ्यात घेऊन खराब केलं न्हवतं. भरल्या खोलीत केलं होतं. आता एकटीला येऊन सांगायलाव." चहा पुढे सरकवून म्हणाल्या, "घ्या, निवायलाय."

चहा घेतला आणि दुपारच्या गाडीने परत आलो.

हे लिहून झाल्यावर पहिल्यांदा गुरुजींच्या मुलाला दिलं. तोही आता साठीच्या पुढे आहे. त्याने उभ्याउभ्या वाचलं आणि कागद घडी करून माझ्याकडे परत करायला लागला. "काका, आता हे कशाला? कुणाच्या लक्षात तरी आहे का?"

मी विचारलं, "ताई गेल्या त्या दिवशी तू खोलीत होतास. त्यांनी काय केलं होतं म्हणून गेल्या?"

तो लगेच म्हणाला, "खासगी माहिती फोडली होती."

मी कागद परत घेतले नाहीत. त्याला म्हटलं, ते दोन सभासद आहेत अजून, एक तुमच्याच गल्लीत राहतो. त्यालाही वाचायला दे, आणि पिंगळीला कुणी जाणार असेल तर मला सांग.